चर्चमध्ये साधी स्कँडिनेव्हियन नाताळ सजावट: ठाणे-नवी मुंबईतून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, नाताळची सजावट गेली चार वर्षं आमची आठ-दहा जणांची टीम करते आणि दुसऱ्या वर्षापासून आम्ही झगमगाट बंद करून ही साधी थीम धरलीय. कळवा, ऐरोली, वाशी, घोडबंदर असं कुठून कुठून लोक येऊन बघून गेले आणि नंतर फोनवर तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. आमचं चर्च कॅथलिक आहे, त्यामुळे वेदीचे वगैरे नियम त्या हिशोबाने सांगितलेत, बाकी सामान कुठल्याही चर्चला चालेल.

स्कँडिनेव्हियन म्हणजे बर्फ, कापूस आणि पांढरा स्प्रे, हेच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी काढूया. स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन, शेजारच्या फिनलंडच्या पण एक-दोन गोष्टी यात येतात. डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारचे तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे आपल्याकडे शाळा सुटायच्या आधी तिकडे काळोख, त्यामुळे त्यांच्या नाताळात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खिडकीत लावलेला दिवा. बाकी सामान काय, तर शेतातला पेंढा, लाकूड, कागद, सफरचंद, हिरवी फांदी, लाल दोरा, हिवाळ्यात शेतकऱ्याच्या घरात जे पडलेलं असायचं तेच. डेन्मार्कमधली जुनी गावातली चर्चेस बघितलीत तर भिंतींना नुसता पांढरा चुना असतो आणि म्हणून तिथे टांगलेली एकच वस्तू सुद्धा डोळ्यात भरते.

बर्फ दाखवायचा मोह आम्हालाही पहिल्या वर्षी झाला होता. कापूस पसरला, डिसेंबर असला तरी आपल्याकडे पंखे चालूच असतात, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना सुरू झाल्यावर तो उडायला लागला आणि क्वायरमधल्या मुलांना शिंका सुटल्या. आणि थर्माकोलचा तर विचारच करू नका, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

मग हे परक्यांचं कशाला? आपल्या ठाण्याचं यात काय?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. नॉर्वेमध्ये नाताळला ओट्सच्या कणसांची एक जुडी बांधून अंगणात काठीवर लावतात, पाखरांसाठी, तिला यूलेनेक म्हणतात. आता सांगा, आपल्याकडे दाराला भाताच्या लोंब्या बांधतात की नाही? आपल्या ईस्ट इंडियन लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचा, आगेरा हा सुगीचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो, नवं भात चर्चमध्ये आणून त्यावर आशीर्वाद घेतात, मग नाताळला त्याच लोंब्या परत चर्चमध्ये आल्या तर त्यात परकं काय आहे?

आम्ही पहिल्यांदा लोंब्यांच्या जुड्या बाकांच्या टोकाला बांधल्या तेव्हा पॅरिशमधल्या एक आजी मिस्सा संपल्यावर प्रत्येक बाकाजवळ थांबत थांबत गेल्या, लोंबी हातात धरून दाणे चाचपून बघितले आणि म्हणाल्या, "गो बाय, हे आमच्या दाराला असायचं, शेत गेलं न् हे पण गेलं." त्या दिवसापासून मी कोणाला 'फॉरेनची थीम' म्हणू देत नाही. त्यांनी त्यांच्या शेतातलं घेतलं, आपण आपल्या शेतातलं घ्यायचं, पद्धत तेवढी शिकायची.

साधं म्हणजे चर्च ओकंबोकं नाही का दिसणार? ज्येष्ठ मंडळी नाराज होतात.

होतात, आमच्याकडेही झाली. त्यांना झिरमिळ्या आणि रंगीत माळा म्हणजे सण वाटतो आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. यावर माझा उपाय हा की वस्तूंची संख्या कमी करा पण एकेक वस्तू मोठी करा. दोनशे छोटे बॉल लावण्यापेक्षा वेदीच्या वर पाच फुटांची एकच पेंढ्याची चांदणी लावा, दारातून आत आल्या आल्या नजर तिथेच जाते. रंग तीनच धरायचे, पांढरा, पेंढ्याचा पिवळा आणि हिरवा, आणि लाल फक्त दोऱ्यापुरता किंवा सफरचंदापुरता. सोनेरी कागद आणि चमकी पूर्ण बंद, थोडी पण नको, कारण एका खांबावर चमकी आली की बाजूचा पेंढा लगेच गरीब वाटायला लागतो.

फादरांना आधी काय काय विचारायचं?

आधी विचारायचं म्हणजे सामान आणायच्या आधी, नंतर नाही. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळात, फुलांची सजावट संयमाने करायची असं मिस्साच्या नियमांतच आहे, सगळा आनंद २४ तारखेच्या रात्रीसाठी राखून ठेवायचा असतो. फुलं वेदीवर न ठेवता वेदीच्या आजूबाजूला ठेवायची. टॅबरनॅकल, म्हणजे पवित्र भाकर ठेवतात ती पेटी, आणि त्याच्याजवळचा दिवा कशानेही झाकला जाता कामा नये. आगमनकाळाचा रंग जांभळा, तिसऱ्या रविवारी गुलाबी आणि नाताळला पांढरा, तर तुमच्या थीमच्या हौसेपायी पहिल्या रविवारीच सगळं पांढरं करून टाकू नका.

खरं तर हे नियम या थीमला एकदम सोयीचे आहेत, दर रविवारी थोडं थोडं वाढवत न्यायचं. पहिल्या रविवारी फक्त चार मेणबत्त्यांचं हिरव्या फांद्यांचं चक्र आणि त्यातली एकच मेणबत्ती पेटवलेली, दुसऱ्या रविवारी खिडक्यांत कागदी चांदण्या, तिसऱ्याला बाकांच्या जुड्या, आणि मोठी चांदणी, फुलं, झाड हे सगळं चौथ्या रविवारची शेवटची मिस्सा आटोपल्यावरच. लोक दर आठवड्याला काय नवीन आलं ते शोधतात, मुलं तर जास्तच.

चार मेणबत्त्यांचं चक्र पण तिकडचंच का?

ते जर्मनीचं. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखेर्न नावाच्या प्रोटेस्टंट धर्मसेवकाने गरीब, निराधार मुलांसाठी बैलगाडीसारख्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक, आणि रविवारच्या चार मोठ्या. पुढे ते उत्तरेकडे सगळीकडे पसरलं. जुनं लाकडी चाक कोणाच्या गावी पडलं असेल तर तेच आणा, विकतच्या प्लॅस्टिकच्या चक्रापेक्षा कितीतरी शोभून दिसतं.

पेंढा कुठून आणायचा आणि तो टिकतो का?

भिवंडी, शहापूर, मुरबाड, कुठेही ओळखीच्या शेतकऱ्याकडून. हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात ऑक्टोबरात निघतं आणि गरवं म्हणजे उशिरा पिकणारं नोव्हेंबरात, आम्ही गरव्याचा पेंढा घेतो कारण तो ताजा असतो आणि लांब असतो. एक गोष्ट नक्की सांगायची, विळ्याने कापून झोडणी केलेलाच पेंढा पाहिजे, मशीनमधून निघालेला तुटका असतो, त्याच्या चांदण्या होत नाहीत. फळांच्या पेट्यांत घालतात तो पेंढा पण नको, तो येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात अंथरायला ठीक. लोंब्यांची जुडी करायची असेल तर झोडणीच्या आधीच थोडं भात बाजूला ठेवायला सांगा आणि त्याचे पैसे वेगळे द्या, कारण ते धान्य आहे.

टिकण्याचं म्हणाल तर खाडीजवळची हवा दमट आहे, हे विसरून चालणार नाही. आम्ही एका वर्षी पेंढा घाईत प्लॅस्टिकच्या गोणीत भरून ठेवला, दहा दिवसांनी गोणी उघडली तर आत काळपट बुरशी आणि असा वास की चर्चच्या हॉलची दारं दिवसभर उघडी ठेवावी लागली, सगळा फेकला. तेव्हापासून आणला की गच्चीवर दोन-तीन दिवस कडक ऊन देतो, उलटापालटा करत, आणि मग जुन्या चादरीत किंवा ज्यूटच्या गोणीत ठेवतो.

चांदणी बनवायची कशी?

आधी काडीवरची सुकलेली पाती सोलून काढायची, आतली गुळगुळीत चकचकीत काडी हवी. मग कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, कोरडी काडी वाकवली की कट्टकन मोडते. भिजल्यावर पंधरा-वीस काड्यांची एक पेंढी, अशा तीन पेंढ्या सारख्या लांबीच्या कापायच्या, मधोमध एकमेकींवर आडव्या ठेवून लाल दोऱ्याने बांधायच्या. दोरा एका पेंढीवरून, दुसरीच्या खालून, परत वरून असा गोल फिरवत आवळायचा म्हणजे सहा टोकं आपोआप फाकतात. टोकं तिरकी कापा, सरळ कापलीत तर झाडूसारखं दिसतं. बाकांसाठी एक फूट लांबीच्या बऱ्या.

वेदीवरची मोठी चांदणी मात्र नुसत्या पेंढ्याची उभी राहत नाही, आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा लागतो. दिवाळीचे कंदील बनवणाऱ्या कोणाला सांगितलं तर तो अर्ध्या दिवसात सांगाडा करून देतो आणि दिवाळीनंतर त्यांना वेळही असतो.

ते छताला टांगतात ते त्रिकोणी त्रिकोणी झुंबर काय असतं?

हिम्मेली. ते फिनलंडचं, नाव आकाशाच्या शब्दावरून आलंय. पूर्वी जेवणाच्या टेबलावर नाताळपासून ते उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसापर्यंत टांगून ठेवायचे, पीक चांगलं यावं म्हणून. सारख्या लांबीच्या १२ काड्या दोऱ्यात ओवल्या की आठ त्रिकोणांचा एक हिरा तयार होतो आणि असे हिरे एकमेकांना जोडत जायचं. भाताची काडी यासाठी फार मऊ पडते, गव्हाचं काड आणा, ते पोकळ आणि ताठ असतं. काम किचकट आहे, चष्मा लावून बसावं लागतं, पण पंख्याच्या नुसत्या झुळकीने ते स्वतःभोवती सावकाश फिरतं आणि भिंतीवर त्याची सावली फिरते तेव्हा प्रार्थनेला लवकर आलेली माणसं बोलायची थांबून वर बघत राहतात. एक केलंत तरी पुरे.

संडे स्कूलच्या मुलांना काय काम द्यायचं?

कागदी विणलेली हृदयं. ही डेन्मार्कची खासियत, परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६० मध्ये केलेलं एक अजून जपून ठेवलंय. दोन रंगांचे कागद दुमडायचे, उघडं टोक गोल कापायचं, दुमडीच्या बाजूने तीन-चार चिरा द्यायच्या आणि मग एकाच्या पट्ट्या दुसऱ्याच्या पट्ट्यांत घालायच्या, एकदा पट्टीच्या आतून आणि एकदा पट्टीच्या बाहेरून, असं आलटून पालटून. चीर दुमडलेल्या कागदाच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर शेवटची पट्टी बसत नाही आणि मुलं रडकुंडीला येतात. झालं की ते पिशवीसारखं उघडतं, आत मुलांना एकेक प्रार्थनेची चिठ्ठी ठेवायला सांगा.

ख्रिसमस ट्री कुठलं घ्यायचं?

आपल्याकडे नर्सरीत मिळतं ते अरोकेरिया, कुंडीतलं घ्या, घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत विचारा, सण झाला की कंपाऊंडमध्ये ठेवता येतं. सुरूच्या फांद्या छान दिसतात पण कुठून तरी तोडून आणू नका, शहरात झाडाची फांदी तोडायलाही पालिकेची परवानगी लागते, फुलबाजारात मिळतील तेवढ्याच घ्या. झाडावर पेंढ्याच्या चांदण्या, कागदी हृदयं, लाल सफरचंदं, एवढंच. लाइट पण शक्यतो फक्त शेंड्याला.

मेणबत्त्या किती आणि आगीचं काय?

पेंढा आणि ज्योत जवळजवळ ठेवायचीच नाही, यावर अजिबात तडजोड नाही. स्वीडनमध्ये येव्ले नावाच्या शहरात १९६६ पासून चौकात १३ मीटरचा पेंढ्याचा बोकड उभारतात आणि तो कितीतरी वेळा जळून खाक झालाय, लोक मुद्दाम पेटवतात हे खरं, पण पेंढा किती लवकर पेटतो ते त्यावरून समजून घ्या. खऱ्या मेणबत्त्या फक्त वेदीजवळ आणि चक्रावर, त्या पण काचेच्या चिमणीत, कारण पंख्याच्या वाऱ्याने मेण एका बाजूला ओघळतं आणि पांढऱ्या कपड्यावर पडलेला डाग निघत नाही. खिडक्यांत, बाकांवर, मुलांच्या हातात बॅटरीवाल्या. अग्निशामक सिलेंडरची तारीख तपासा, तो चालवता येणारी दोन माणसं प्रत्येक मिस्साला मागे उभी ठेवा आणि १०१ नंबर सगळ्यांना पाठ असू द्या.

लाइटिंग कसं असावं?

वॉर्म व्हाइट, पाकिटावर २७०० के लिहिलेलं. लुकलुकणारं नको. ट्यूबलाइट शक्य तितक्या बंद.

फुलं?

पांढरी शेवंती आणि निशिगंध, दादरच्या फुलबाजारात किंवा जांभळी नाक्याला पहाटे गेलात तर चांगला माल मिळतो. लाल पानांचं पॉइन्सेटिया डिसेंबरात नर्सऱ्यांत असतंच, झाड मूळ मेक्सिकोचं पण डेन्मार्क-नॉर्वेत त्याला नाताळची चांदणी म्हणतात, दोन कुंड्या गोठ्याशेजारी पुरतात. प्लॅस्टिकची फुलं मी तरी घेत नाही. संत्र्याला लवंगा टोचून ठेवणं ही पण त्यांची पद्धत, डिसेंबरात नागपुरी संत्री आलेलीच असतात, वास पार दारापर्यंत येतो, फक्त खाली ताटलीत पाणी ठेवा, मुंग्या लागतात.

गोठा यात बसतो का? आमची पोरं दरवर्षी डोंगर, धबधबा, सगळं करतात.

पोरांना नाही म्हणू नका. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने इटलीत ग्रेच्चोला गोठा मांडला तेव्हा चारा, बैल आणि गाढव एवढंच होतं, ही गोष्ट आम्ही पोरांना बसवून सांगितली आणि त्यांनी स्वतःहून धबधब्याची मोटर काढून टाकली. हिरवळीसाठी आपली नेहमीची नाचणी किंवा गहू, परातीत माती घालून १४-१५ डिसेंबरला पेरा, २४ पर्यंत बोटभर उंच येतात. गोठ्याला छप्पर भाताच्या पेंढ्याचं, आत एकच पिवळा बल्ब, तोही लपवलेला आणि पेंढ्यापासून लांब. बाळ येशूची जागा रात्रीच्या मिस्सापर्यंत रिकामी.

लुसियाची मिरवणूक चर्चमध्ये करता येईल का?

१३ डिसेंबर हा संत लुसियाचा सण आपल्या कॅलेंडरमध्येही आहे, ती सिसिलीतल्या सिराक्यूजची हुतात्मा. स्वीडनमध्ये त्या दिवशी पांढऱ्या झग्यातल्या मुली कमरेला लाल पट्टा बांधून निघतात आणि पुढच्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट असतो. फादरांची परवानगी असेल तर संध्याकाळच्या मिस्साच्या आधी करा, मुकुट बॅटरीचाच. आम्ही ट्यूबलाइट बंद केल्या आणि मागच्या दारातून बारा मुली गात आल्या तेव्हा बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते, तरी आत एक मूलसुद्धा बोललं नाही. लुसिया झालेली मुलगी सहावीतली होती, मुकुट पडेल म्हणून इतकी ताठ चालली की मान अवघडली, आणि खाली उतरवल्यावर पहिलं विचारलं, पुढच्या वर्षी पण मीच ना?

ऑनलाइन मिळणारे लाल टोपीवाले बुटके ठेवू का?

चर्चमध्ये नको. ते निस्से किंवा तोम्ते, तिकडच्या लोककथांमधले शेतघर राखणारे, त्यांचा येशूजन्माशी संबंध नाही. पेंढ्याचा बोकड आणि लाल लाकडी घोडा पण त्यातलेच. पॅरिश हॉलमध्ये स्टॉलवर ठेवा, मुलांना आवडतात.

काहीतरी वेगळं, जे फक्त आपल्याच चर्चमध्ये असेल, सुचवाल का?

होडी. डेन्मार्कच्या कितीतरी चर्चमध्ये छताला जहाजाची लाकडी प्रतिकृती टांगलेली असते, समुद्रावर गेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हणून. आपल्याकडे चेंदणी कोळीवाडा आहे, बेलापूरला दिवाळे आहे, पलीकडे उत्तन आहे, खाडी उशाशी आहे आणि चर्चमध्ये होडी नाही, हे मला त्या जहाजांबद्दल कळल्यापासून खटकत होतं. आमच्या पॅरिशमधल्या एका काकांचे वडील मासेमारी करायचे, त्यांनी हातभर लांबीची सागवानी होडी करून दिली, वल्ह्यांसकट, आणि जाळ्यासाठी वडिलांच्या जुन्या जाळ्याचा तुकडा कापून लावला. ती वर्षभर वरच असते, नाताळला फक्त तिच्यात एक छोटा दिवा ठेवतो.

खर्च कमी येतो का?

सामानाचा खूपच कमी, पण माणसं आणि वेळ जास्त लागतो, हे आधीच सांगते. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी दोन तास हॉलमध्ये बसतो, चहा असतो, कोणीतरी नेवऱ्या आणतं, कोणी नुसतं बोलायला येतं आणि दोन चांदण्या बांधून जातं. कंत्राट देऊन ही थीम होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एका वर्षी वेळ कमी पडला म्हणून एका डेकोरेटरला अर्धं काम दिलं, त्याने सांगितलेल्या पेंढ्याऐवजी प्लॅस्टिकचं गवत लावलं आणि २३ तारखेला रात्री आम्हीच ते उपटत बसलो.

कधी उतरवायचं आणि काय काय ठेवायचं?

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत ठेवा, तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. योगायोग म्हणजे स्वीडनमध्येही १३ जानेवारीला, नाताळच्या विसाव्या दिवशी, झाड उतरवतात. हिम्मेली आणि बांबूचा सांगाडा कापडात गुंडाळून माळ्यावर, सोबत कडुलिंबाची सुकी पानं. हृदयं मुलांना परत. पेंढा त्याच शेतकऱ्याला विचारून गुरांसाठी देतो, त्यावर स्प्रे किंवा चमकी मारलेली नसते म्हणूनच देता येतो. लोंब्यांच्या जुड्या मात्र मागच्या कंपाऊंडच्या भिंतीला खिळ्यांवर टांगतो, पहिल्या दिवशी कोणी येत नाही, मग एखादी चिमणी, मग मुनियांचा थवाच येतो, आणि आठवड्याभरात खिळ्यांवर नुसत्या काड्या आणि लाल दोरे उरलेले असतात.